डिजिटल चलन : आमिषाकडून सक्तीकडे

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाच्या विधिमंडळाने २९ जानेवारी २०२५ रोजी एका कायद्यात दुरुस्ती केली. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या बिटकॉइन नावाच्या डिजिटल नाण्याला अमेरिकन डॉलरच्या शेजारी देशाचे चलन म्हणून गादीवर बसवले होते, ते स्वीकारण्याचे बंधन आता कोणाही दुकानदारावर राहिले नाही. सरकारही आपले कर त्या नाण्यात घेणार नाही असे ठरले. ज्या चलनाला वाणी नकार देऊ शकतो आणि ज्यात सरकार स्वतःची पट्टीही वसूल करीत नाही, त्याला चलन कशाच्या आधारावर म्हणावयाचे, हा प्रश्न तेथील राज्यकर्त्यांना कोणी विचारला की नाही, कळावयास मार्ग नाही. एवढे मात्र खरे की, एका राष्ट्राने आपल्या साऱ्या प्रजेला डिजिटल नाण्याचे आद्य वापरकर्ते बनवण्याचा जो पहिला प्रयोग मांडला, तो त्या दिवशी गुंडाळला गेला.

प्रयोग फसला म्हणून पुरोगामी मंडळींनी समाधानाचा सुस्कारा टाकावा, अशी मात्र परिस्थिती नाही. नव्या चलनाचे प्रचारक घरी गेलेले नाहीत. आमिष दाखवून माणसे डिजिटल चलनाकडे वळत नाहीत, हा धडा ते ठिकठिकाणी शिकले आहेत. आणि ज्याला नकार देण्याची सोय आहे त्याचा नाद सोडून, ज्याला ती सोय नाही अशा माणसाकडे ते वळू लागले आहेत. पगारदार, पेन्शनर, सरकारी योजनेची लाभार्थी स्त्री, खंडाने जमीन कसणारा शेतकरी, अशी ही माणसे आहेत. चळवळीने लक्ष घालावे असे या विषयात काही असेल तर ते हेच आहे.

आरंभापासून पाहिले म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. नाणे हा असा एकच माल आहे की जो एकट्याच्या जवळ असून उपयोगाचा नाही. शेतकऱ्याला आपली ज्वारी खाता येते. पण दुसरा कोणी घेणारा नसेल तर नाण्याच्या धन्याला त्याचे काहीच करता येत नाही. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याची हीच अवस्था होती. म्हणून २०१० साली त्याच्या एका संगणकतज्ज्ञ पुरस्कर्त्याने येईल त्याला पाच नाणी फुकट वाटण्याचे सदावर्त घातले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन पिझ्झांसाठी दहा हजार नाणी मोजली गेली, ही कथा तर आता त्या पंथाचे पुराण झाली आहे. भक्तमंडळी ती उदारतेची कथा म्हणून सांगतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते भांडवलावर टाकलेले बियाणे होते, कारण गिऱ्हाईक वाढल्याखेरीज हाती असलेल्या ढिगाला किंमत येणार नव्हती.

आणि ढीग केवढा होता? बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये अशी त्याची मूळ रचना आहे. त्यापैकी निम्मी, म्हणजे १ कोटी ५ लाख नाणी नोव्हेंबर २०१२ पर्यंत, पहिल्या चार वर्षांतच निघून गेली. त्या वेळी जगातील कोट्यवधी श्रमिकांनी हे नावही ऐकलेले नव्हते. संपूर्ण मानवजातीसाठी म्हणून जे चलन जाहीर केले गेले, त्याचा अर्धा साठा मूठभर संगणकवाल्यांच्या घरी पोचल्यानंतर उरलेल्या मानवजातीला दार उघडले गेले. जमिनीची अशी वाटणी एखाद्या संस्थानिकाने केली असती तर त्याच्याविरुद्ध सत्याग्रह झाला असता. येथे तिला ‘आधी येणाऱ्याचे धाडस’ असे गौरवाचे नाव मिळाले.

‘आधी या, आधी मिळवा’ या घोषणेचे अर्थशास्त्र असे आहे. हे नाणे काही पिकवत नाही, विणत नाही, व्याज देत नाही. तेव्हा आधी आलेल्याचा नफा येणार कोठून? नंतर आलेल्याच्या खिशातून. म्हणून आधीच्या प्रत्येकाला नंतरचा हवा असतो, आणि त्यासाठी प्रत्येकाने प्रचारक व्हावे लागते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यात २०१८ साली ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. बिटकॉइन गुंतवा, दरमहा दहा टक्क्यांप्रमाणे अठरा महिने परतावा घ्या, आणि खाली आणखी माणसे जोडा, असे आमिष तीत दाखवल्याचा आरोप आहे. खटले अद्याप चालू आहेत. त्या योजनेत आणि मूळ नाण्याच्या प्रचारात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे हे मान्य केले, तरी खालच्या पायरीवरच्या माणसाच्या पैशाने वरच्या पायरीवरच्याचे भले होण्याचा हिशेब दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

एल साल्वादोरमध्ये ही पायरीची व्यवस्था सरकारने हाती घेतली, म्हणून तो प्रयोग तपशिलाने समजून घेण्यासारखा आहे. या देशाला २००१ पासून स्वतःचे असे चलन उरलेले नाही. अमेरिकेचा डॉलर हेच तेथील नाणे. लाखो माणसे पोटासाठी अमेरिकेत गेलेली, आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक अवलंबून. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर एके काळी कोकण कसे जगत होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावयास नको. अशा देशाचे तरुण अध्यक्ष नायिब बुकेले यांनी जून २०२१ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरात भरलेल्या बिटकॉइनवाल्यांच्या मेळाव्यात चित्रफितीद्वारे घोषणा केली की, आपला देश हे नाणे अधिकृत करणार. घोषणा कोठे झाली हे पाहण्यासारखे आहे. ती स्वतःच्या संसदेत झाली नाही. कामगारांपुढे किंवा शेतकऱ्यांपुढेही झाली नाही. ज्यांच्याजवळ नाण्यांचा साठा होता आणि ज्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते, त्यांच्यापुढे ती इंग्रजीत झाली. चार दिवसांच्या आत विधिमंडळाने ८४ पैकी ६२ मतांनी कायदा संमत केला. देशाचे चलन बदलणाऱ्या या कायद्यात कलमे होती अवघी सोळा, आणि त्यातले सातवे कलम असे की, प्रत्येक व्यावसायिकाने हे नाणे स्वीकारलेच पाहिजे.

७ सप्टेंबर २०२१ रोजी कायदा अमलात आला. ‘चिवो’ नावाचा सरकारी बटवा मोबाइलवर घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला तीस डॉलरचे बिटकॉइन फुकट देण्यात आले. चिवो म्हणजे तिकडच्या बोलीत ‘झकास’. या बटव्याने पैसे दिल्यास पेट्रोलवर गॅलनमागे वीस सेंटची सूट मिळे. देशभर दोनशे स्वयंचलित यंत्रे उभी राहिली, आणि नाण्यांचे डॉलर करून देण्यासाठी सरकारी विकास बँकेत पंधरा कोटी डॉलरचा निधी ठेवण्यात आला. हा सारा पैसा अर्थातच सार्वजनिक; मात्र चिवो चालवणारी संस्था खाजगी कंपनीच्या स्वरूपात काढलेली, म्हणजे हिशेब मागणाऱ्याला दार बंद. सार्वजनिक खर्च आणि खाजगी गुप्तता यांचा हा विवाह आपल्याकडेही अनेक मंडपांत लागलेला आहे.

लोकांनी काय केले? विद्यापीठाच्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश नागरिकांनी या कायद्याला आपला विरोध नोंदवला. सप्टेंबरभर राजधानीत मोर्चे निघाले. त्यांत कामगार संघटना होत्या, विद्यार्थी होते, निवृत्त सैनिक आणि पेन्शनर होते. पेन्शन उद्या या नाण्यात मिळू लागली तर औषधाचे काय, ही त्यांची भीती होती. १५ सप्टेंबरला, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी, नवे यंत्र चौकात जळाले. तीस डॉलर मात्र लोकांनी घेतले. गरिबाने फुकटचे तीस डॉलर का सोडावेत? पुढे तीन अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० कुटुंबांची पाहणी करून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आढळले की निम्म्याहून अधिक लोकांनी बटवा उतरवून घेतला होता. पण त्यातील बहुसंख्यांनी तीस डॉलर खर्च केल्यानंतर त्याला पुन्हा हात लावला नाही. २०२२ साली नवे बटवे घेण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. ज्या परदेशस्थांच्या मनीऑर्डरींसाठी हा खटाटोप असल्याचे सांगितले जात होते, त्यांपैकी दोन टक्केही रक्कम डिजिटल नाण्यांच्या मार्गाने आली नाही. २०२४ साली विद्यापीठाच्याच पाहणीत शंभरातील ब्याण्णव जणांनी सांगितले की, वर्षभरात आपण हे नाणे वापरलेच नाही.

या लोकांना अडाणी म्हणण्याची टूम काही काळ चालली. वास्तविक अडाणीपणा त्यांचा नव्हता. ज्या दिवशी कायदा लागू झाला त्याच दिवशी नाण्याचा भाव बावन्न हजार डॉलरवरून त्रेचाळीस हजारांपर्यंत कोसळला. नोव्हेंबरात तो एकोणसत्तर हजारांच्या आसपास चढला आणि पुढल्या नोव्हेंबरात सोळा हजारांवर आला. जिचा संसार दिवसाच्या विक्रीवर चालतो अशा फळविक्रेतीने सकाळी घेतलेल्या नाण्याचे संध्याकाळी काय होईल याचा विचार करावयाचा, की फळे विकावयाची? घरभाडे डॉलरमध्ये, विजेचे बिल डॉलरमध्ये, पोराची फी डॉलरमध्ये. तिने नकार दिला तो अज्ञानामुळे नव्हे. हिशेब येत होता म्हणून दिला.

यावर प्रचारकांचे एक उत्तर असते. डिसेंबर २०२४ मध्ये नाण्याचा भाव लाख डॉलरच्या वर गेला; म्हणजे बुकेले यांच्या खजिन्याला फायदाच झाला ना? समजा, झाला. ज्या वस्तूचा भाव तीन वर्षांत चौथाईवर येतो आणि मग सहापट होतो, ती वस्तू सट्टेबाजाला प्रिय असेल. वेतन, भाडे आणि उधारी तिच्यात मोजता येत नाही. म्हणजे या युक्तिवादानेच नाण्याचे चलनपण खोडून निघते. शिवाय सरकारच्या कागदी नफ्याने फळविक्रेतीच्या टोपलीत काय पडले, हे कोणी सांगत नाही.

या कथेचा शेवट आपल्या पक्षातील मंडळींना थोडा अवघडवणारा आहे. मोर्चेकऱ्यांनी २०२१ मध्ये जी मागणी केली ती मान्य झाली नाही. मार्च २०२२ पासून त्या देशात आणीबाणी लागू आहे, आणि मोर्चा काढणे सोपे राहिलेले नाही. सक्तीचे कलम अखेर निघाले ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १४० कोटी डॉलरच्या कर्जासाठी तशी अट घातली म्हणून. ज्या संस्थेच्या अटींविरुद्ध जगभरचे समाजवादी चाळीस वर्षे लढत आले, तिच्या अटीने का होईना, फळविक्रेतीची सुटका झाली. यात नाणेनिधीचे कौतुक करण्यासारखे काही नाही. आपल्या कर्जाची वसुली सुरक्षित राहावी एवढाच त्याचा हेतू. पण लोकशाही मार्ग बंद झाला की लोकांचा न्याय सावकाराच्या सोयीवर अवलंबून राहतो, ही नामुष्की नोंदवून ठेवलीच पाहिजे.

पैसा लोकांत रुजतो कसा, याचे उत्तर अर्थशास्त्राने फार पूर्वीच शोधले आहे. जर्मन पंडित क्नाप यांनी १९०५ साली आपल्या ग्रंथात मांडले की, राज्यसंस्था ज्या नाण्यात कर स्वीकारते ते नाणे चलन होते. वसाहतवाल्यांना हे ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वीच कळलेले होते. आफ्रिकेतील स्वयंपूर्ण शेतकऱ्याने मळ्यावर वा खाणीत मजुरीला यावे म्हणून त्याच्या झोपडीवर रोख कर बसवण्यात आला. दख्खनच्या रयतेकडून सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला घेतला जाऊ लागला, तेव्हा पीक हाती येण्याआधी पैसा पैदा करण्यासाठी तिला सावकाराचे घर गाठावे लागले. कापसाचा भाव पडल्यावर त्याचा स्फोट १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला झाला, आणि सावकारांचे दस्तऐवज जळाले. नव्या चलनाचा स्वीकार हा विषय, म्हणून, कधीच निव्वळ तंत्राचा नसतो. कोणी कोणाला, कशात, केव्हा पैसे दिले पाहिजेत हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे आहे, हा त्यातला मूळ प्रश्न असतो.

गेल्या काही वर्षांत सरकारांनी आपापली डिजिटल चलने काढली तेव्हा हाच अनुभव आला. नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘ई-नायरा’ काढला. वर्षभरानंतर नाणेनिधीच्या अभ्यासात दिसले की, कोणत्याही आठवड्यात शंभरातील साडेअठ्ठ्याण्णव बटवे निपचित पडून असतात. रिक्षावाल्यांसाठी सवलत ठेवून पाहिली, तरी फरक पडला नाही. मग २०२३ च्या आरंभी जुन्या नोटा रद्द करून नव्या पुरेशा न पुरवण्याचा प्रकार घडला. हेतू काहीही सांगितला गेला असो, रोकड आटली, बँकांपुढे दंगली झाल्या, आणि ई-नायराचे बटवे एकाएकी वाढले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वैध ठरवल्या तेव्हा लोकांना श्वास मिळाला. तहानलेल्याची विहीर बुजवून त्याला बाटलीतील पाणी विकण्याचा हा प्रकार. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आणि त्यापुढचे दोन महिने ज्यांनी बँकेच्या रांगेत काढले, त्यांना यावर भाष्य नको.

चीनने शेंझेन शहरात २०२० साली सोडत काढून पन्नास हजार नागरिकांना दोनदोनशे युआन वाटले. मे २०२३ पासून चांगशू शहरातील सरकारी नोकरांचा सबंध पगारच डिजिटल युआनमध्ये देण्यास आरंभ झाला. सोडतीपासून पगारापर्यंतचा हा प्रवास अडीच वर्षांचा आहे. व्हेनेझुएलाचे उदाहरण अधिक कटू, कारण तेथील सरकार स्वतःला समाजवादी म्हणवते. खनिज तेलाच्या तारणावर काढल्याचे सांगितलेले ‘पेट्रो’ नावाचे नाणे परदेशातल्या सावकारांनी घेतले नाही, बाजाराने घेतले नाही. तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये पेन्शनर व सरकारी कर्मचारी यांना वर्षअखेरचा बोनस म्हणून अर्धा-अर्धा पेट्रो देण्यात आला. जे बाजारात खपत नव्हते ते म्हाताऱ्यांच्या पदरात घातले. जानेवारी २०२४ मध्ये पेट्रो बंद झाला. समाजवादाचे नाव लावल्याने पेन्शनरवरची सक्ती पवित्र होत नाही, हे आपल्याच लोकांनी आधी बोलले पाहिजे.

आता घरचे. रिझर्व्ह बँकेने सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रायोगिक आरंभ १ डिसेंबर २०२२ रोजी केला. बिटकॉइनशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तो सट्टा नाही. रुपयाच आहे, त्याचा भाव चढत-उतरत नाही, आणि त्यामागे देशाची मध्यवर्ती बँक उभी आहे. त्याच्या प्रसाराची कथा मात्र ओळखीची आहे. २०२३ अखेर दिवसाला दहा लाख व्यवहार व्हावेत असे लक्ष्य ठरले. ते गाठलेही गेले. वृत्तसंस्थांनी दिलेल्या बातम्यांनुसार, सरकारी व खाजगी बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे काही भत्ते त्याच सुमारास त्यांच्या डिजिटल बटव्यात जमा केल्यामुळे ते गाठले गेले. आणि २०२४ च्या मध्यापर्यंत हाच आकडा दिवसाला एक लाखावर घसरला. कर्मचाऱ्याच्या भत्त्यातून लक्ष्यपूर्ती करण्याची ही शक्कल कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे कोटे शिक्षकांच्या डोक्यावर बसवणाऱ्या काळाची आठवण करून देते.

मार्च २०२५ अखेर चलनात असलेला डिजिटल रुपया १,०१६ कोटींचा होता. त्याच वेळी देशात सुमारे ३७ लाख कोटींच्या नोटा होत्या. म्हणजे दहा हजार रुपयांच्या नोटांमागे पावणेतीन रुपये. लोक मोबाइलला घाबरतात असेही नाही. यूपीआयवरून ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाली, रिक्षावाला, वडापावची गाडी, सगळ्यांनी ती पाटी लावली, कारण सुट्या पैशांची कटकट मिटली. डिजिटल रुपयाने सामान्य माणसाची अशी कोणती अडचण मिटते, हे त्याला कोणी सांगू शकलेले नाही. तेव्हा तो घेत नाही. येथे थांबून गरज तपासावयास हवी होती. त्याऐवजी गिऱ्हाईक बदलण्याचा मार्ग धरला गेला.

ओडिशा सरकारची ‘सुभद्रा’ योजना एकवीस ते साठ वर्षांच्या स्त्रियांना वर्षाला दहा हजार रुपये देते. तिच्यातील सुमारे ८८,००० स्त्रियांना रक्कम डिजिटल रुपयात देण्यात आली. ओडिशा व आंध्र प्रदेशात दुसऱ्याच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांना स्टेट बँकेने प्रायोगिक कर्जे दिली तीही याच रुपयात, आणि ती रक्कम केवळ शेतीच्या निविष्ठांवरच खर्च व्हावी अशा बंधनासह. येथे डिजिटल रुपयाचा खरा नवेपणा समोर येतो. खिशातल्या नोटेला मालकाखेरीज कोणाची आज्ञा ठाऊक नसते. या रुपयाला मात्र आधीच सांगून ठेवता येते की, अमुक वस्तूवर खर्च हो, अमुक दुकानात चाल, अमुक मुदतीनंतर चालू नकोस. ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अधिकृतपणे जाहीर केली.

यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. खंडाने कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसते. म्हणून बँक त्याला कर्ज देत नाही. पैसा बियाण्या-खतावरच जाईल अशी खात्री झाली तर बँक देईल. अडचण खरीच आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटाईदाराला ती विदर्भ-मराठवाड्यातही रोज भेटते. पण उपाय पाहा. जमिनीच्या मालकाने पीककर्ज काढले तर ते पैसे मुलीच्या लग्नात घालावयास किंवा मोटरसायकल घ्यावयास त्याचा रुपया त्याला अडवत नाही. बेड्या घातलेला रुपया मिळतो तो भूमिहीनाला. पेरणीच्या आठवड्यात पोराला ताप आला तर बटव्यात पैसे असून डॉक्टरची फी निघणार नाही, आणि बाप पुन्हा शेकडा पाचाने त्याच सावकाराकडे जाईल. कूळ म्हणून त्याची नोंद व्हावी, ही मागणी मागे पडते आणि तिच्या जागी मोबाइलमधील पहारेकरी बसतो.

मजुराला विशिष्ट दुकानातच चालणारा पैसा देण्याची कल्पना जुनी आहे. आसाम व सिल्हेटच्या चहामळ्यांत मालक आपापले कथलाचे, पितळेचे बिल्ले पाडीत आणि मजुरी त्यात देत. बिल्ला मळ्याच्या हद्दीबाहेर कवडीमोल. इंग्लंडमधील कारखानदार मजुरीऐवजी आपल्या दुकानातील माल देत, ती पद्धत मोडण्यासाठी १८३१ साली तेथे कायदा करावा लागला. आपल्या देशातील १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मजुरी चालू नाण्यात वा नोटांतच दिली पाहिजे असे बंधन घातले, त्यामागे हाच इतिहास होता. आता २०२२ च्या वित्त कायद्याने नोटेच्या व्याख्येत तिच्या डिजिटल रूपाचा समावेश झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेने इलेक्ट्रॉनिक मार्गाने वेतन देण्यास मोकळीक दिली आहे. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे उद्या एखाद्या मालकाने कामगाराचा पगार डिजिटल बटव्यात टाकला तर अडवावयास काय उरते, हे कामगार संघटनांच्या वकिलांनी आजच पाहून ठेवावे.

एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सार्वजनिक डिजिटल चलन ही कल्पना समाजवाद्यांना वर्ज्य का असावी? वर्ज्य नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीस केवळ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्यांची बचत रिझर्व्ह बँकेच्या थेट हमीच्या चलनात असती तर ती वेळ आली नसती. यूपीआयचे पाचांतील चार व्यवहार आज दोन खाजगी कंपन्यांच्या हातून जातात. त्या मक्तेदारीला सार्वजनिक पर्याय उभा राहिला तर तो हवाच. पण या गुणांसाठी रुपयाला बेड्या घालण्याची गरज नाही, आणि लाभार्थीला न विचारता तिच्या माथी मारण्याचीही नाही. जी गोष्ट चांगली आहे ती मोकळी ठेवा. लोक यूपीआयकडे आले तसे तिच्याकडे येतील.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटेल. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये तूर्त बँकेच्या खात्यात येतात, आणि ती बाई ते रोख काढून तेल आणते, वह्या आणते, नाहीतर स्वतःसाठी साडी घेते. ती साडी पाहून नाके मुरडणारे वर्ग आपल्या समाजात भरपूर आहेत. उद्या रुपयाला ‘साडीवर चालू नकोस’ असे सांगण्याची सोय हाती आली तर तिचा वापर करा म्हणणारे लेख सुशिक्षितांच्या वर्तमानपत्रांत प्रथम येतील. म्हणून मागण्या आजच मांडल्या पाहिजेत. मजुरी, पेन्शन व सरकारी मदत डिजिटल रुपयात देण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती घेतली जावी, आणि ती नाकारल्याने लाभ थांबू नये. मिळालेली रक्कम त्याच दिवशी, विनाशुल्क, रोखीत किंवा बचत खात्यात फिरवण्याचा अधिकार असावा. वेतन व कल्याण योजनांच्या पैशावर वस्तूचे, दुकानाचे वा मुदतीचे बंधन घालण्यास कायद्याने मनाई व्हावी. आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपले भत्ते कोणाच्या आदेशाने कोणत्या बटव्यात गेले, त्याचा खुलासा व्यवस्थापनाकडे मागावा.